कातळावर ओणवं

जूनचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेनऊ. आंबोलीत पाऊस नुकताच उघडला होता, पण धुकं इतकं दाटलेलं की विजेरीचा झोत चार हातांवर जाऊन अडत होता. ज्यांच्याकडे मी उतरलो होतो ते काका पुढे चालत होते. पायात गमबूट आणि डोक्यावरून घेतलेला प्लास्टिकचा कागद. मी मागे, कॅमेरा पोटाशी धरून. परसापासून दोनेकशे पावलांवर जांभ्याचा उघडा कातळ सुरू होतो. त्यावर झाड नाही, झुडूप नाही. शेवाळ, पावसाळी गवताचे कोवळे कोंब आणि खळग्याखळग्यांतून साचलेलं पाणी, एवढंच. मला तो कातळ रिकामाच वाटला. मी पलीकडच्या झाडीकडे बोट दाखवलं, तसे काका थांबले आणि म्हणाले, "झिला, घाई करू नको. पायाकडे बघ."

माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, एका उथळ खळग्याच्या काठाला, अंगठ्याच्या पेराएवढा एक जीव बसला होता. मातकट, खडबडीत, जांभ्याचाच कपचा सुटून पडावा तसा. मी उकिडवा बसलो, मग ओणवा झालो, मग सरळ कोपरं कातळाला टेकली. लेन्समधून पाहिलं तेव्हा त्याच्या कुशीवरचे पिवळे पट्टे दिसले. तो आंबोली भेक होता, बेडकाचाच एक प्रकार.

त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगरिना. झँथोफ्राइन म्हणजे पिवळा भेक, आणि टायगरिना हे नाव त्या वाघासारख्या पट्ट्यांवरून. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याचा एकच सख्खा भाऊ आहे, कोयना भेक, जो १९६३ सालीच नोंदला गेला होता. आंबोलीत धबधबा पाहायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण तिथल्या परसातला हा प्राणी २००९ पर्यंत विज्ञानाच्या दप्तरी नव्हता. आज तो अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

छोट्या जिवांच्या छायाचित्रणाबद्दल लिहायचं म्हणजे लेन्सपासून सुरुवात करायची असा रिवाज आहे. मी त्या रात्रीपासून सुरुवात केली, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या रात्रीच कळलं. हा भेक उचलून घरात आणला असता, काळ्या कापडावर ठेवला असता, तर त्याचा फार देखणा फोटो निघाला असता. पण त्या फोटोत तो खळगा नसता. आणि तो खळगा म्हणजे या भेकाचं निम्मं आयुष्य आहे. पावसाच्या पहिल्या सरी झाल्या की हे भेक भेगांतून बाहेर पडतात, काही रात्रींत जोड्या जमतात आणि मादी कातळावरच्या त्या बोटभर पाण्यात अंडी घालते. पावसाने मध्ये मोठी ओढ दिली तर खळगा आटतो आणि पिल्लं तिथेच संपतात. पाणी टिकलं तर त्याच पाण्यात भेकुल्या वाढतात, त्यांना पाय फुटतात आणि त्या कातळावर चढतात. हे सगळं त्या एका चौकटीत मावतं, फक्त लेन्स थोडी मागे घ्यावी लागते.

आता लेन्सकडे वळतो.

मॅक्रो म्हणजे काय, याचं सोपं उत्तर असं: विषय जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटला की त्याला एकास एक म्हणायचं. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे एकास एकला आपला हा भेक जवळजवळ चौकटभर येईल आणि मुंगी मधोमध लहानशी दिसेल. मुंगीला चौकटभर करायचं तर त्याहून चौपट-पाचपट मोठं करावं लागतं. हे अंक पाठ करायची गरज नाही. पण त्यांच्या पोटात जी अडचण दडलेली आहे ती मात्र पहिल्या दिवसापासून छळते. एकास एकला, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक केलं तरी, फोकसमध्ये येणारा थर जेमतेम एक मिलिमीटरभर असतो. भेकाचा डोळा लख्ख आणि नाकपुडी धूसर. कोळ्याचे डोळे स्वच्छ आणि पुढचे पाय धुक्यात. छिद्र आणखी बारीक करावं तर प्रकाशाच्या लाटा त्या अरुंद छिद्राच्या कडेवरून विखुरतात आणि चित्र सगळीकडूनच मऊ पडतं. म्हणजे एका बाजूने ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, अशी ही आखूड चादर आहे.

यातून वाट काढायला बहुतेक जण आपोआप फोकस होण्याची सोय बंद करतात. लेन्स एका अंतरावर बांधून ठेवायची आणि स्वतः केसभर पुढे, केसभर मागे झुलत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. हे जमायला हात नव्हे, कोपरं आणि श्वास तयार करावे लागतात. मी डाव्या हाताने फांदी किंवा गवताची काडी धरतो आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवतो. मग वाऱ्याने फांदी हलली तर लेन्सही तिच्याबरोबर हलते. विषयाला समांतर राहणं हीही एक युक्ती. काडीकिडा बाजूने घेतला तर डोक्यापासून शेपटापर्यंत एकाच थरात बसतो. समोरून घेतला तर दोन मिश्या आणि मागे सगळा पुसट पट्टा. एकामागून एक पंचवीस-तीस फोटो काढून संगणकावर जोडायची पद्धतही आहे. ती निवांत बसलेल्या पतंगावर चालते. उडी मारायच्या बेतात असलेल्या कोळ्यावर चालत नाही.

दुसरी अडचण प्रकाशाची. पावसाळी जंगलात दुपारी बारालाही संध्याकाळ असते, त्यात छिद्र एवढं बारीक. त्यामुळे फ्लॅश लागतोच. कमी ताकदीवर चालवलेल्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, म्हणून हाताचा कंपही त्यात गोठून जातो. पण उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या पाठीवर पडला की तिथे पांढराफटक डाग उमटतो आणि रंग, खळगे, लव सगळं त्याखाली गडप होतं. प्रकाश पसरवायला पडदा हवा. बाजारात महागडे पडदे मिळतात, पण मला आजवर सगळ्यात चांगला ठरलेला पडदा मी घरी केला आहे: चिप्सचा उभा डबा तिरका कापून, आत चंदेरी कागद लावून, तोंडाशी दुधाच्या पिशवीचं पांढरं प्लास्टिक दोन पदरी ताणून. तो विषयाच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. धुक्यात मात्र फ्लॅश लेन्सच्या शेजारून मारू नये. हवेतला प्रत्येक थेंब पेटतो आणि फोटोभर पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडतो. प्रकाश बाजूने किंवा वरून आणावा. त्या रात्री माझे पहिले वीस फोटो असेच वाया गेले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोठा खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं. जुनी लेन्स उलटी बसवायचं कडं, किंवा लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या, किंवा मोबाइलला लावायचं चिमट्याचं भिंग, यांतलं काहीही एक घेऊन घरामागच्या कढीपत्त्यावर एक महिना घालवावा. तिथेच नजर तयार होते.

नजरेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या कामात ती लेन्सहून जास्त लागते.

कोकणात आंब्यावर, काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात. सिंधुदुर्गात त्यांना हुमले म्हणतात. त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. पक्षीसुद्धा जपून असतात. सावंतवाडीजवळच्या एका आमराईत मी त्यांची रांग न्याहाळत होतो. पंधरा मिनिटं गेली असतील. एक मुंगी रांगेपासून जरा बाजूला, पानाच्या कडेला उभी राहिली आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मुंगी असं पाहत नाही. मुंगी मिश्यांनी जग चाचपते, सारखी चालते. ही थांबली, मान वळवली तसं अख्खं डोकं माझ्या दिशेने फिरवलं, आणि मी सरकलो तशी तीही सरकली. लेन्स लावली तर पुढे दोन मोठे गोल काळे डोळे. पाय मोजले: आठ.

हा मुंगीचं सोंग घेणारा उडी मारणारा कोळी, मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस. त्याच्या शरीराला मधे अशी आवळलेली घडण आहे की मुंगीचे तीन भाग वाटावेत. डोक्याच्या बाजूला काळे ठिपके आहेत, ते मुंगीच्या डोळ्यांच्या जागी. पुढचे दोन पाय तो जमिनीला टेकवत नाही, वर धरून हलवत राहतो, की झाल्या मिश्या. नराचे जबडे तर इतके लांब पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे असं वाटतं. हुमल्यांना भिऊन जे शिकारी दूर राहतात ते यालाही टाळतात. आणि तो स्वतः हुमल्यांनाही टाळतो. मुंगी जवळ आली की तो झटक्यात बाजूला होतो, वेळ पडली तर धाग्यावर लोंबकळतो. हे मी त्या दिवशी चार वेळा पाहिलं. त्याचा फोटो काढायचा म्हणजे चौकटीत खरी मुंगी आणि सोंगाची मुंगी एकाच वेळी यायला हवी, हे तेव्हाच ठरवलं. तसा फोटो मिळायला तीन दिवस लागले. एकट्या कोळ्याचा फोटो पाहणाऱ्याला फक्त एक विचित्र कोळी दिसतो. दोघं शेजारी असली की सोंग कळतं.

उडी मारणाऱ्या कोळ्यांचा नाद लागला की सुटत नाही. आठ डोळ्यांतले पुढचे मधले दोन आतून लांब नळीसारखे असतात. बाहेरचं भिंग हलत नाही, पण नळीचं आतलं टोक स्नायूंनी इकडेतिकडे फिरतं. फिकट, अर्धपारदर्शक अंगाच्या कोळ्यांत हे लेन्समधून चक्क दिसतं: डोळा क्षणात काळा होतो, क्षणात मधासारखा पिवळसर. काळा असतो तेव्हा तो बरोबर तुमच्याकडेच पाहत असतो. बटण दाबायचं ते तेव्हा.

या कुळातल्या एका कोळ्याचं नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. ठाण्यात सापडलेल्या काही मिलिमीटरच्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं २०२१ साली संशोधकांनी नाव ठेवलं: इशियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलत अतिरेक्याला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. मुंबई-ठाण्याच्या भिंती, कुंपणं, कुंड्या यांच्यावर अजून किती जीव बिननावाचे फिरत असतील, याचा विचार मनात आला की मी पार्किंगमध्येही सावकाश चालतो.

फोटोवरून नाव सांगता येतं का? पुष्कळदा नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. अनेक कोळी फक्त जननेंद्रियांच्या रचनेवरून, तेही सूक्ष्मदर्शकाखाली, वेगळे ओळखू येतात. बेडकांत बोटांमधला पडदा, पोटाचा रंग आणि आवाज पाहावा लागतो. म्हणून मी चेहऱ्याचा देखणा फोटो मिळाला तरी पाठीचा आणि कुशीचा एकेक साधा फोटो घेतोच, बेडूक असेल तर मोबाइलवर त्याचं ओरडणं टिपतो, आणि वहीत वेळ, पाऊस, झाड लिहून ठेवतो. सुंदर फोटो विसरले जातात. ही वही मात्र दहा वर्षांनी कुणाच्या तरी कामी येते.

आता माझ्या हातून झालेली चूक.

मलबारी उडता बेडूक पावसाळ्यात आंबोलीत हमखास दिसतो. पोपटी अंग, बोटांमधे नारिंगी-तांबडा पडदा. तो ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. नर-मादी पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर बसून मागच्या पायांनी फेस घुसळतात, दही घुसळावं तसा, आणि त्या पांढऱ्या गोळ्यात अंडी असतात. फेसाच्या आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं तयार झाली की गोळा खालून विरघळतो आणि ती टपाटपा खालच्या पाण्यात पडतात.

मी या कामात नवा होतो. पहाटे असा एक ताजा गोळा दिसला, पण त्याच्यापुढे चार-पाच पानं आडवी. मी ती पानं दोरीने मागे बांधली. मनासारखे फोटो मिळाले. मग नाश्त्याची वेळ झाली, पावसाची मोठी सर आली, मी पळालो आणि दोरी सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि चक्क ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा फेसाचा पापडासारखा कडक पापुद्रा झाला होता आणि आत अंडी सुकून चिकटलेली. ती पानं त्या बेडकांनी निवडलेलं छप्पर होतं. मी तो फोटो आजवर कुठे छापलेला नाही. पण संगणकात जपून ठेवला आहे आणि दर पावसाळ्यात निघण्याआधी एकदा उघडतो.

तेव्हापासून मी पान बाजूला करत नाही, करावंच लागलं तर हाताने धरतो आणि सोडून देतो. दगड उलटला तर तो आहे त्याच बाजूने, त्याच खाचेत परत बसवतो. दगडाखालचं घर म्हणजे ओल, अंधार आणि नेमकी फट. दगड बोटभर तिरका राहिला तरी ते मोडतं. देवगांडूळ अशाच ठिकाणी राहतं. त्याला पाय नाहीत, अंगावर कंगोरे आहेत, गांडूळ किंवा साप समजून लोक त्याला मारतात. पण ते बेडकांच्या गोतातलं उभयचर आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे त्याला एक इवलासा स्पर्शक असतो, तो बाहेर काढून ते माती चाचपतं. आंबोलीतल्या एका देवगांडुळाला २००३ साली निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं: गेजेनिओफिस डॅनिएली. ते मला एकदाच दिसलं, तेही शेणखताच्या ढिगाकडेला काका फावडं मारत असताना. दोनच फोटो काढले आणि ओली माती परत लोटली.

बेडकाला हात न लावण्याचं कारण हळवेपणा नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणी पितो. आपल्या हातावर डास पळवायचं मलम असतं, साबणाचा अंश असतो, मीठ असतं. ते सगळं तो आत घेतो. त्याहून मोठी धास्ती कायट्रिड नावाच्या बुरशीची. तिने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती खिळखिळ्या केल्या, काही कायमच्या संपवल्या. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती नोंदली गेली आहे. ओल्या बुटांना लागलेल्या चिखलातून ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ शकते. म्हणून एका ठिकाणाहून निघताना बूट घासून धुवावेत आणि खडखडीत वाळवावेत. पावसाळ्यात वाळवणं कठीण. मी बुटांचे दोन जोड ठेवतो.

कीटकांच्या बाबतीत एक निराळीच खोड पसरली आहे. भुंगा किंवा चतुर फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचा, तो सुन्न झाला की फांदीवर मांडायचा. मांडलेला जीव ओळखू येतो. इंडोनेशियातून काही वर्षांपूर्वी जगभर फिरलेली छायाचित्रं अनेकांना आठवत असतील: पानाची छत्री धरून उभा बेडूक, भुंगेऱ्यावर स्वार झालेला बेडूक. त्यांतली अनेक रचलेली आहेत असा आक्षेप निसर्ग-छायाचित्रकारांनीच घेतला. मला त्या फोटोंचा राग येतो तो एवढ्यासाठी की पाहणाऱ्या मुलाला खरा बेडूक मग कंटाळवाणा वाटू लागतो.

आणि खरा बेडूक काय करतो हे पाहायचं असेल तर साताऱ्याकडे जावं. पक्षितज्ज्ञ ह्युमायून अब्दुलअली यांचं नाव लाभलेला एक रातबेडूक सह्याद्रीच्या ओढ्यांत राहतो, निक्टिबॅट्राकस ह्युमायुनी. (याच अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याविरुद्ध आवाज उठवला होता, १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली.) या रातबेडकाच्या मीलनाची पद्धत बेडकांच्या जगात कुठेही नोंदलेली नव्हती. कोयनेजवळच्या हुंबरळी गावाच्या परिसरात संशोधकांनी चाळीस रात्री चित्रण केलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नर मादीला मिठी मारत नाही. तिच्या पाठीवरून ओठंगून हात पानावर टेकवतो. तो निघून जातो आणि मग मादी अंडी घालते. शिवाय या जातीत मादीही आवाज देते. चाळीस रात्री, ओढ्याकाठी, पावसात. त्यांच्या चित्रणात सजवलेलं काहीच नव्हतं, आणि तरी जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली.

एकच फोटो किती मोलाचा ठरू शकतो याचं माझ्या आवडीचं उदाहरण कर्नाटकातलं आहे. जून २०२३ मध्ये कुद्रेमुखच्या पायथ्याशी रस्त्याकडेच्या पावसाळी डबक्यात बेडूक पाहायला गेलेल्या काही निसर्गप्रेमींना एक सोनपाठी बेडूक दिसला. त्याच्या डाव्या कुशीतून एक इवलंसं अळंबं उगवलेलं. जिवंत बेडकाच्या अंगावर अळंबं याआधी कुणी नोंदलं नव्हतं. त्यांनी बेडूक पकडला नाही. फोटो काढले आणि तो निघून गेला. बुरशीतज्ज्ञांनी फोटो पाहून ते अळंबं मायसीना गटातलं असावं असं सांगितलं. ती बुरशी एरवी कुजक्या लाकडावर वाढते. २०२४ च्या जानेवारीत ही नोंद छापून आली, आणि तिच्यामागे पुरावा होता तो तेवढ्या फोटोंचा.

जागेचं गुपित राखणं ही या कामातली नवी जबाबदारी. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लपलेले असतात. दुर्मीळ कोळी किंवा बेडूक असेल तर ते पुसूनच फोटो पाठवावा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, पण समाजमाध्यमांवर जागा आपणच लिहून टाकतो. काजव्यांचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. मेअखेरीला अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीकडे, भंडारदऱ्याकडे गाड्यांच्या रांगा लागतात. नर उडत उडत प्रकाशाचा इशारा देतो, मादी झुडपातून उत्तर देते, एवढ्यावर त्यांचा संसार ठरतो. आणि त्यांच्यात हेडलाइटचे झोत शिरतात. काजव्यांचा फोटो फ्लॅशने निघतही नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून तीस-तीस सेकंदांचे फोटो तासभर काढत राहायचे आणि नंतर एकावर एक जोडायचे, एवढाच उपाय. जोडलेल्या फोटोखाली तसं लिहावं, कारण त्या क्षणी डोळ्यांना एवढे काजवे दिसत नाहीत.

स्वतःच्या जिवाबद्दलही दोन शब्द. कोकणच्या कातळावर ओणवं होण्याआधी गुडघा टेकायची जागा विजेरीने पाहावी. फुरसं अगदी जांभ्याच्या रंगाचं असतं आणि तिथेच राहतं. झाडीत हात घालण्याआधी फांदी नीट बघावी, हिरवा चापडा पानासारखाच गप बसलेला असतो. जळवांना घाबरू नये. एकट्याने रात्री जाऊ नये. आणि मृगाचा किडा दिसला, पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा तो लाल मखमली ठिपका, तर मुलांना थांबवून त्याचे पाय मोजायला लावावेत. आठ भरतात, नावात किडा असला तरी तो कोळ्यांच्या नात्यातला आहे.

त्या रात्री मी कातळावर दोन तास होतो. नर ओरडत होते, खळग्यांमधे जोड्या होत्या. मी ठरवून घेतलं होतं की एका भेकाचे तीन-चारपेक्षा जास्त फोटो काढायचे नाहीत, आणि ओरडणं थांबलं की विजेरी विझवायची. दोनदा विझवावी लागली. अंधारात बसल्यावर मिनिटाभरात एक आवाज यायचा, मग दुसरा, मग सगळा कातळ पुन्हा बोलू लागायचा. शेवटी मी छोटी लेन्स लावून, मागे सरकून, एक रुंद फोटो घेतला: पुढे खळगा, त्यात जोडी, मागे धुक्यात काकांच्या घराचा दिवा.

घरी आल्यावर काकांनी चुलीपुढे बूट वाळत टाकले आणि कॅमेरा मागितला. मी पट्ट्यांचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला.

"ह्येका वाघासारखे पट्टे आसत?"

"हो. त्यावरूनच नाव दिलंय."

"ह्यो आमच्या परसातलो." ते थोडा वेळ गप्प होते. "साठ वर्सां बघतंय. माका पट्टे कधी दिसले नाय."

त्यांनी काकूंना हाक मारून फोटो दाखवला. मग ओले बूट तसेच पुन्हा पायात घातले, माझी विजेरी उचलली आणि मागच्या दाराने कातळाकडे निघाले.